मोठ्याने वाचलेला नंबर

सोमवार, ३ फेब्रुवारी

चाळीस मुलांचा एकच आवाज. दुपारी जरा डोळा लागला होता, तेव्हा ऐकला — अगदी लख्ख! चौथीचा वर्ग, कवितेचा तास, आणि ओळीचं शेवटचं अक्षर लांबवत लांबवत नेणारे आम्ही. मागचा बाक नेहमी अर्धा शब्द मागे. त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा संपायची. एकदा पुढे, एकदा मागे. मी मागच्या बाकावर. पासष्ट वर्षं झाली.

उठलो आणि हिला म्हटलं, ऐक. रोज एखादी कविता म्हणतोच मी; आज होडीची कविता पहिल्यापासून म्हटली, हातवारे करून. ही समोर भाजी निवडत बसली होती. मान डोलवत होती, हसत होती. तिसऱ्या कडव्यात मी अडखळलो. पुढची ओळ आठवेना. थांबलो.

ही डोलतच राहिली!

मग मी मुद्दाम नुसते ओठ हलवले, आवाज न काढता. दोन ओळी. "छान," म्हणाली. "अजून आठवतं हो तुम्हाला."

किती दिवस चाललंय हे? किती वर्षं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर दोन मोठे गोळे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. बटणावर बोट ठेवून ही नुसती वाट बघत होती, परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या मुलीसारखी. मला ते बोट बघवेना.

दोन्ही कानांना श्रवणयंत्र हवं. किंमत ऐकून मीच बहिरा झालो. डॉक्टर म्हणाले, "उशीर नका करू. ऐकायची सवय मोडली की मग यंत्र लावूनही आवाज येतो, शब्द कळत नाहीत."

आवाज येतो, शब्द कळत नाहीत. हे वाक्य घरापर्यंत बरोबर आलं.

वाटेत ही म्हणाली, "एवढ्या पैशात नवीन डोकंच बसवून देतील." थोडं चालून पुन्हा, "आणि हवंय कशाला? तुमचं सगळं पाठच आहे मला."

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. पूर्वी ही आधी झडप घालायची. आज रिंग दिसली तशी — हो, दिसली, ऐकली नाही — माझ्या हातात फोन देऊन स्वयंपाकघरात गेली. गेले वर्षभर असंच करते. मी समजत होतो, कामात आहे!

लेकीला किंमत सांगितली. तिच्या घराचे हप्ते मला माहीत आहेत, म्हणून मीच घाईघाईने म्हटलं, आहेत आमच्याकडे, थोडे कमी पडतात इतकंच. तर म्हणाली, "बाबा, व्हाउचरं बघा ना. माझ्या ऑफिसात सगळ्या तेच करतात. ऑनलाइन स्वस्तात घ्यायचं आणि दुकानात पूर्ण किमतीला चालवायचं. फक्त अटी नीट वाचा."

मला सांगते, नीट वाचा! चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. औषधांच्या डब्यांवरची मुंगीएवढी अक्षरं, रेल्वेची वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. बारीक अक्षरांत काय दडवतात ते मला शिकवते!

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहिलं व्हाउचर. सरावासाठी लहान घेतलं. कॉफीच्या दुकानाचं, निम्म्या किमतीत. हिला घेऊन ऐटीत गेलो. मुलीने फोन बघितला आणि म्हणाली, दोन एकसारख्या कॉफी घेतल्या तरच. बरं, एकसारख्या द्या. मोठ्याच घ्याव्या लागतील. द्या मोठ्या. बुधवार सोडून. आज बुधवार.

पूर्ण पैसे देऊन लहान कॉफी प्यायलो. एकात दोघं.

अटी होत्या. खाली, करड्या रंगावर करड्या अक्षरांत. छापखान्यात असा मजकूर आला असता तर मी परत पाठवला असता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चष्म्याचं व्हाउचर मात्र खरं निघालं. फ्रेम जवळजवळ फुकट! काचा मात्र सवलतीत धरलेल्या नाहीत. ही म्हणाली, "नुसती फ्रेम घाला. दिसत नाही म्हणून तुमचं काय अडलंय?"

कुठे तरी लिहायला हवं म्हणून इथे लिहितो. मला याची गोडी लागली आहे. सकाळी उठून आधी फोन. 'फक्त दोन तास उरले!' असं लाल अक्षरांत येतं आणि शेजारी सेकंद पळत असतात. माझ्यासारख्या माणसाच्या छातीत धडधडतं! काल अशा धडधडीत एक घेतलं. पंच्याहत्तर टक्के सूट. नंतर नीट वाचलं — केस सरळ करून देण्याचं. माझ्या डोक्यावर केस मोजून सात, आणि तेही सरळच.

हिला दाखवलं नाही. लेकीला पाठवून दिलं. "बाबा, चष्मा घाला," एवढंच उत्तर आलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाहिजे होतं ते सापडलं.

लेकीने एका ग्रुपमध्ये घातलंय. तिथे लोक आपल्याला मिळालेली गिफ्ट कार्डं एकमेकांना विकतात. साडेतीनशे माणसं, एकही चेहरा ओळखीचा नाही. त्यात एक नर्स. तिच्याकडे वैद्यकीय सामानाच्या त्या मोठ्या दुकानाची तीन कार्डं. त्या दुकानात खुर्च्या, काठ्या, पट्टे सगळं मिळतं. आणि श्रवणयंत्रंही! डॉक्टरांनी चिठ्ठीवर तेच दुकान लिहिलं होतं. दहा हजारांचं कार्ड सात हजारांना. तिन्ही मिळून आणि आमची शिल्लक घालून दोन्ही कानांचं बसतं. अगदी काठोकाठ.

मी विचारलं, एवढं स्वस्त का? तिने लिहिलं, "आजोबा, रात्रपाळ्या केल्याचं बक्षीस आहे हे. मला बक्षीस नकोय, मला घरभाडं द्यायचंय."

तिच्या मजकुरात एकही चूक नव्हती. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. माझा विश्वास बसला तो त्यावर.

रविवार, २३ फेब्रुवारी

पैसे पाठवले. पाच मिनिटांत तीन कार्डांचे नंबर आले. प्रत्येकी सोळा आकडे. खरेदीच्या वेळी नंबर सांगितला की झालं, कार्ड हातात असायचीही गरज नाही. फोन हरवला तर? बंद पडला तर? म्हणून हिला म्हटलं, वही काढ. माझा हात कापतो, हिचं अक्षर अजून मोत्यासारखं.

आकडे उतरवायचे तर आमच्या धंद्यात एकच रीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग दुसऱ्याने वाचायचं आणि पहिल्याने ताडून बघायचं. छापखान्यात मी आणि माझा वाचक असे दिवसभर ओरडत बसायचो. एकदाही डिरेक्टरीत चुकीचा नंबर गेला नाही. मी खिडकीपाशी बसलो, तिथे उजेड चांगला. ही समोर. दुकानाचं नाव, कार्ड पहिलं, सात शून्य चार चार... हिला ऐकू जाईना. आवाज चढवला. तरी दोन आकडे गळले. मग पाचाच्या जागी आठ. शेवटी ठणाणा ओरडलो, आणि ओरडता ओरडता त्याला चाल लागली! चार-चार आकड्यांचे चार चरण, चौथ्याला विसावा. तीन कार्डं म्हणजे तीन कडवी. आकड्यांनाही वृत्त असतं — कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

दहा वेळा म्हटलं असेल. पाठच झालं. आमचे गुरुजी म्हणायचे, पाठ केलेलं कुणी चोरून नेत नाही.

हिच्या तोंडावर सगळा वेळ हसू होतं. शेवटी म्हणाली, "इतकं मोठ्याने तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा बोललात."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

हिच्या कानांचे साचे घेतले. यंत्रं पुढच्या बुधवारी. पैसेही तेव्हाच द्यायचे.

येताना जिन्यात खालच्या शिंपीणबाई भेटल्या. हिच्या कोटाच्या बाह्या आखूड करून घेतल्या होत्या, तो कोट द्यायला वर येत होत्या. आमच्या बरोबर खालचंच घर. दिवसभर शिलाई मशीन चालू असतं त्यांचं. नवरा रंगारी. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, तेव्हापासून अंथरुणावर. कमरेखाली जोर नाही. हिने विचारलं, कसे आहेत? बाई म्हणाल्या, "आहेत." बाह्यांचे पैसे घेऊन गेल्या.

मंगळवार, ४ मार्च

उद्या! होडीच्या कवितेचं तिसरं कडवं आठवलं. भांडी विसळताना आपोआप आलं. म्हणून दाखवलं नाही. उद्यासाठी ठेवलंय.

बुधवार, ५ मार्च

दुकान. काउंटरवर मुलगी. ही खुर्चीवर, नव्या आखूड बाह्यांचा कोट घालून, केस कानांमागे घट्ट बांधलेले. मी नंबर पाठ म्हटले, न बघता. मुलगी हसली. पहिलं कार्ड — चाललं. दुसरं — चाललं. तिसरं...

"आजोबा, हे वापरलेलं आहे."

पुन्हा म्हटलं. वहीतून वाचलं. फोन दाखवला. "शून्य शिल्लक," म्हणाली. मागे रांग. कुणी तरी घसा खाकरला. हिला काही ऐकू येत नव्हतं. माझ्याकडे बघून हसत होती, कारण मुलगी मघाशी हसली होती.

हिच्याकडे जाऊन खुणेने सांगितलं. आज नाही. ही उठली, पर्स उचलली. काहीसुद्धा विचारलं नाही! विचारलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्रं महिनाभर बाजूला ठेवतील.

गुरुवार, ६ मार्च

नर्सला लिहिलं. उत्तर — "आजोबा, मी पाठवलं तेव्हा चालू होतं. मी स्वतः शिल्लक तपासून पाठवलं होतं." सगळे असंच म्हणणार.

मग मी ग्रुपवर लिहिलं. तीन परिच्छेद. एका वृद्ध स्त्रीच्या कानांपर्यंत येऊ घातलेला आवाज वाटेत लुटला गेला, असं काहीसं. आजाऱ्याची सेवा करणारे हातच खिसा कापू लागले तर, असंही. दोनदा तपासलं, एक वेलांटी दुरुस्त केली, पाठवलं.

धडाधड उत्तरं! 'आजोबा, डोळ्यांत पाणी आणलंत.' 'काय लिहिता हो!' तासाभरात ग्रुप चालवणाऱ्याने नर्सला काढून टाकलं.

खरं सांगायचं तर — बरं वाटलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं. माझं लिहिलेलं साडेतीनशे माणसांनी पहिल्यांदा वाचलं.

शनिवार, ८ मार्च

नर्सचा फक्त मला एकट्याला मेसेज. "दुकानात विचारा, कधी वापरलं, काय घेतलं. त्यांच्याकडे नोंद असते. माझी अजून चार कार्डं विकायची होती. आता कोण घेणार?"

हिला दाखवला. हिने चष्मा लावून सावकाश वाचला. "तिला नीट विचारलंत का आधी?"

"विचारलं ना!"

"नीट?"

मी फोन काढून घेतला.

बुधवार, १२ मार्च

गेलो शेवटी. चार दिवस पाय निघत नव्हता. काउंटरवर तीच मुलगी. तिने नंबर टाकला. चोवीस फेब्रुवारी. म्हणजे मी पाठ केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ऑनलाइन. हवेची गादी, अंथरुणावर पडून असणाऱ्या पेशंटची. घरपोच.

"कुणाच्या घरी?"

"नाव नाही सांगता येत, आजोबा." मग स्क्रीनकडे पुन्हा बघितलं. माझ्या पावतीकडे बघितलं. आवाज एकदम मऊ केला — लहान मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलताना करतात तसा. "पण आजोबा, इमारत तर तुमचीच आहे. तुम्हीच नाही ना मागवलीत? होतं असं कधी कधी. विसरायला होतं."

घरी कसा आलो आठवत नाही. आणि हे वाक्य लिहूनही आता भीती वाटते.

गुरुवार, १३ मार्च

पलंगाखाली बघितलं. कपाटावर बघितलं. माळ्यावर चढलो. ही खालून ओरडत होती, "काय शोधताय?" काय सांगू? एक गादी शोधतोय, जी मी मागवली की नाही ते मला माहीत नाही!

मग बसून सगळ्या कविता म्हणून बघितल्या. पहिलीपासून सातवीपर्यंत. सगळ्या आल्या. छापखान्यातल्या माणसांची नावं, आली. काल सकाळी काय जेवलो — नाही आलं. हिला विचारलं. तिलाही आठवेना. जरा धीर आला.

आईच्या वडिलांचं असंच झालं होतं. त्यांनाही शेवटपर्यंत कविता येत होत्या. माणसं ओळखत नव्हते.

शनिवार, १५ मार्च

खाली उतरत होतो. शिंपीणबाईंचं दार उघडं. दारातच बसून जाड पुठ्ठ्यावर कापड पसरून कातरत होत्या. पुठ्ठा म्हणजे मोठ्या खोक्याची एक बाजू. तिच्यावर त्या दुकानाचं नाव, माझ्या हाताएवढ्या अक्षरांत. खाली चित्र — गादी, आणि तिच्यावर झोपलेला गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस.

"काका, बाजारात का?" बाई म्हणाल्या. मी काहीतरी म्हटलं.

परत वर आलो. खिडकीशी उभा राहिलो. माझ्या खिडकीच्या बरोबर खाली त्यांची खिडकी. दोन्ही उघड्या. शिलाई मशीन सुरू झालं. एक एक टाका ऐकू येत होता.

मीच. मीच दुकानाचं नाव, कार्ड पहिलं, कार्ड दुसरं, कार्ड तिसरं, सोळा सोळा आकडे, दहा वेळा, चालीत! चौतीस वर्षांची रीत. वाचायचं आणि ताडून बघायचं. खाली कुणी लिहून घेतं आहे हे कोण ताडून बघणार?

आणि त्या नर्सबद्दल तीन परिच्छेद. वेलांटी दुरुस्त करून.

हिला सांगायचं होतं, पण ओरडून सांगता येईना. खिडकी लावली तरी धीर होईना. कागदावर लिहून दिलं. हिने वाचलं, पेन्सिल मागितली, त्याखालीच लिहिलं — गादी परत मागणार?

मी लिहिलं, चोरी आहे ही.

हिने लिहिलं, त्याच्या पाठीला जखमा आहेत. मी कोट द्यायला गेले तेव्हा पाहिल्या. मुठीएवढ्या.

मग हिने कागद पुन्हा ओढून घेतला — दोन कार्डांत एक कान येतो ना? एक पुरे. दुसऱ्या कानाने तुमच्यापासून सुटका.

मला हसू आलं नाही. हिला आलं.

रविवार, १६ मार्च

ग्रुपवर लिहिलं. चूक माझी होती, नंबर माझ्याकडून फुटला, नर्सबाईंचा काही दोष नाही, त्यांना परत घ्या. चार ओळी. एकही विशेषण नाही. मागच्या वेळी दोनशे जणांनी लिहिलं होतं. आज सहा अंगठे. ग्रुप चालवणाऱ्याचा निरोप, "आजोबा, राहू द्या आता. एकदा काढलेल्याला परत घेत नाही, नियम आहे."

तिसरं कार्ड आपणच चुकीचं पाठवलं की काय अशी शंका तिलाही येऊ नये म्हणून नर्सला वेगळं लिहिलं. सगळं. खिडकीसकट. तिची उरलेली कार्डं मी घेतो, असंही. आता कशाने घेणार, देव जाणे.

बुधवार, १९ मार्च

नर्सचं उत्तर. "वाचलं."

पुढे पूर्णविराम. बस्स. इतका वेळ मी कधी एका शब्दाकडे बघत बसलो नव्हतो.

शुक्रवार, २१ मार्च

डाव्या कानाचं यंत्र मिळालं.

मुलीने बसवलं, काही फिरवलं, आणि ही दचकली. मान वळवून छताकडे बघायला लागली. तिथला पंखा. "हा इतका ओरडतो?" मग स्वतःच्या कोटावरून हात फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला. कापडाचा आवाज! लहान मूल नवीन शब्द घोळवतं तसं किती वेळ करत होती.

मी म्हटलं, ऐकू येतंय?

माझ्याकडे बघत राहिली. "तुमचा आवाज," म्हणाली, "केवढा म्हातारा झालाय!"

शब्द कळतात. सगळे नाही. गर्दीत गडबडते. पण कळतात.

रविवार, २३ मार्च

लेकीचा फोन. रिंग माझ्याआधी हिने ऐकली. अर्धा तास बोलली. मला दिलाच नाही.

शनिवार, २९ मार्च

लिहायला आज सुचतंय ते हे. मी गप्प आहे. पंधरा दिवस खिडकी लावलेली आहे. घरात पावलंसुद्धा हळू टाकतो. होडीची कविता अजून म्हटलेली नाही. तोंड उघडलं की वाटतं, खाली ऐकताहेत. लाज त्यांना वाटायला हवी. वाटते मला!

ही चिडली आज. "एवढा खटाटोप करून कान आणला. आणि आता तुम्ही मौनात! मी काय पंख्याचं ऐकू?"

बुधवार, २ एप्रिल

जिन्यात शिंपीणबाई. टाळता आलं नाही. स्वतःहून म्हणाल्या, "काका, यांच्या पाठीच्या जखमा भरत आल्या हो. यांच्या जुन्या मालकाने हवेची गादी पाठवली. इतक्या दिवसांनी आठवण ठेवली त्यांनी."

माझ्या डोळ्यांत बघून! न अडखळता! किती सराईतपणे बोलतात माणसं. मी "छान" म्हटलं आणि कठडा धरून वर आलो. मान नुसती डोलवत होतो.

रविवार, ६ एप्रिल

काही नाही.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी ही म्हणाली, "दार वाजतंय." मला ऐकू आलं नव्हतं. "खालच्या बाजूला वाजतंय," म्हणाली. "पायापाशी."

उघडलं. समोर कुणी नाही. मग खाली बघितलं. खालचा रंगारी! फरशीवर बसलेला, घामाने निथळत, तळवे काळेकुट्ट. अठरा पायऱ्या, उलटा बसून, हातांवर रेटत. दोन वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर.

"काका, बरे आहात ना?" धाप लागलेली. "महिना होत आला, वरून कविता नाही. आमच्या हिला विचारलं तर म्हणते, दिसतात जिन्यात. मला खरं वाटेना. मी रोज ऐकतो. दोन वर्षं तेवढंच ऐकतो मी." मग मान खाली घालून, "ते आकडेही ऐकले. मीच मागवली गादी. हिला सांगितलंय, मालकाने पाठवली. हिला काही माहीत नाही, काका. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

आत घ्यावं म्हणून आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं. उचलता येईना. तेव्हा ही तिथेच बाहेर, फरशीवर त्याच्या शेजारी बसली. यंत्राचा कान त्याच्याकडे येईल अशी. मग मीही बसलो.